पळसाच्या दोरीचं पोतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बियाणं निवडणं. मळणी होऊन चार दिवस झाले होते. बायकोनं अंगणात ताडपत्री अंथरली, त्यावर सुपानं धान ओतलं आणि आम्ही समोरासमोर बसलो. ऊन कललं होतं. हे धान तिच्या माहेरचं. दाणा बारीक, आणि टोकाला काळी सुई. शिजलं की चार घरं वास जातो. ज्या दाण्याला काळी सुई नाही तो भेसळीचा. तो काढून फेकायचा. काम एवढंच. पण माझे डोळे आता कामाचे राहिले नाहीत, म्हणून मी दाणा उचलून तिच्यासमोर धरायचो.

"हा?"

"फेका."

"हा?"

"तो ठेवा. सुई तुटली, पण जात तेच आहे."

"तुले कसं समजते?"

"तुमाले कसं समजत नाही, मी ते म्हणतो."

ती स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलायची, मस्करीत असली की. मग हात न थांबवता म्हणाली, "अजी, ढोलीचं बूड यंदा ओलं झालं आहे. बियाणं कुठं ठेवतो ते तं विचारा."

"कायले विचारू? तुह्या डोक्यातलं माह्या डोक्यात येतेच."

"येते म्हणे. काल भाजीत मीठ नव्हतं, ते तं नाही आलं."

"ते जिभेत आलं."

ती हसली. ढोली म्हणजे मागच्या खोलीतली बियाण्याची कणगी. मी तिचं ते बोलणं ऐकलं, पण कानात ठेवलं नाही. अंधार पडायच्या आत काम झालं. तिनं धान सुपासुपानं आत नेलं, मी ताडपत्री झटकली. झालं.

हे धान तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरून लुगड्याच्या पदरात बांधून आणलं होतं. पुढे तिचं माहेरचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं चार ठिकाणी पांगली, शेती बुडाली. ते धान राहिलं ते आमच्या बोडीखालच्या, म्हणजे तळ्याखालच्या, एका बांधीत, एका खाचरात. दरसाल तेवढीच एक बांधी. मी कितीदा म्हटलं, उतारा कमी येतो, सोडून दे. ती म्हणे, "बाकीच्या साऱ्या बांध्या तुमच्या. हे एक माही."

आमच्या दोघांचं डोकं एकच, असं मी गावभर सांगत फिरायचो. त्याला कारणंही होती. शेतातून येताना अंबाडीची भाजी खावीशी वाटली तर घरी अंबाडीच शिजत असायची. मी पाण्याचा तांब्या मागायच्या आधी तांब्या समोर. दहा वर्षं एका जुवाला जुंपलेली बैलजोडी कशी, एकानं मान वळवली की दुसरा आपोआप वळतो, तसं. चौकातले लोक थट्टा करायचे. "याले विचारू नका, दोघांत मिळून एकच डोकं आहे, अन् तेही बाईकडे." मला त्याचा राग येत नसे. उलट बरं वाटायचं.

बियाणं निवडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणस रचायला शेतावर गेलो. उन्हं चांगली वर आली असतील. मी ढिगावर चढून बसलो होतो, तंबाखू मळत होतो. तेव्हा मनात काय होतं ते मला नीट आठवतं. यंदा तणस कमी आहे, जनावराला होळीपर्यंत पुरणार नाही. एवढंच होतं. गावातला एक जण मोटरसायकल घेऊन आला आणि खालूनच म्हणाला, "काका, घरी चला."

"काहून?"

"चला तं."

मी उतरलो. कोयता शोधला, दुपट्टा झटकला, पाण्याची बाटली घेतली. त्याला वाटलं असेल, हा माणूस दगड आहे. मला खरंच काही समजलं नव्हतं.

ती उंबऱ्यावर चौकटीला टेकून बसल्या जागी गेली होती. समोरच्या घरची बाई आली तेव्हा तिला वाटलं, डुलकी लागली. ही समोरची बाई तिची रोवणीची सोबतीण. तीस-पस्तीस वर्षं दोघी एका ओळीत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत आल्या. ते घर बौद्ध, आमचं हिंदू. घराघरांत पूर्वी काय काय होतं ते मला माहीत आहे, पण चिखलात उतरल्यावर या दोघींमध्ये एका हाताचं अंतर असायचं, त्याहून जास्त नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी मान हलवली.

मला एकच गोष्ट खुपत होती. ती गेली त्या घडीला मी ढिगावर बसून तणस मोजत होतो. काळजात धस्स नाही, हातातली चिमूट खाली पडली नाही, काही नाही. मग ते एक डोकं कुठं गेलं होतं?

तेरवीच्या आदल्या दिवशी मुलानं विचारलं, "बाबा, मिलवर कोणतं धान नेऊ?" मुलगा भंडाऱ्याला नोकरीला आहे, घरातलं त्याला काही ठाऊक नाही. मी म्हटलं, पडवीतली तिन्ही पोती ने, बियाणं मागच्या ढोलीत असते. तरी आत जाऊन ढोलीत डोकावलो. मागची खोली अंधारी. वरून धान दिसलं. धान ते धान. त्यानं पोती काढली. दोन सुतळीनं बांधलेली होती, तिसऱ्याला पळसाच्या मुळीची दोरी होती. ती हातानं वळलेली, जाड. सुतळी त्यानं तोडून फेकली. पळसाची दोरी चांगली आहे म्हणून मी उचलली आणि गोठ्याचं फाटक सैल झालं होतं त्याला बांधली. एवढं मात्र मला सुचलं.

तेरवीला बाहेरगावचे एक महाराज आले होते. पंगती उठेपर्यंत ते प्रवचन सांगत होते. म्हणाले, "देह वेगळे दिसतात, पण आत जाणणारा एकच आहे. तुमच्या मनातला तो, माझ्या मनातला तो, गेलेल्या माउलीच्या मनात होता तोही तोच. बोडी एक, बांध्या अनेक. पाणी सगळीकडे तेच. एक बांधी सुकली म्हणून पाणी मरत नाही."

मी मांडवाच्या खांबाला टेकून बसलो होतो. ऐकत होतो, नव्हतोही. आणि तेवढ्यात वास आला.

तिच्या धानाचा वास. नाकाशी कुणी वाटी धरावी तसा. मी इकडेतिकडे पाहिलं. पुरुषांच्या पंगती होऊन गेल्या होत्या, शेवटी बायांची पंगत बसत होती. बियाणं तर ढोलीत आहे. मग हा वास कुठून?  मी म्हटलं, महाराज खरं बोलत असतील. ती इथं कुठंतरी आहे. समोर बायांच्या पंगतीत पहिल्या घासालाच साऱ्या गप्प झाल्या. रोवणीच्या ओळीतल्या बाया, ज्यांचं तोंड कधी बंद राहत नाही. एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. मला वाटलं, त्यांनाही ती जाणवली.

प्रवचन संपल्यावर मी महाराजांना गाठलं. "महाराज, आत जाणणारा एकच आहे, तं ते मेली तेव्हा मले काहून नाही समजलं? मी तणस रचून राहिलो होतो."

"मन स्थिर नव्हतं तुमचं. हलत्या पाण्यात तळ दिसत नाही."

"अन् आता ते इथं आहे असं वाटलं, ते?"

"आता मन हळवं झालंय. दार उघडलंय."

"बोडीचं पाणी म्हणालात, पण पाण्याच्या वाटपावरून आमच्या गावात डोकी फुटतात, महाराज."

ते हसले आणि चप्पल शोधू लागले. माणूस वाईट नव्हता. त्यांना पुढच्या गावची एसटी धरायची होती.

त्यानंतर सहा महिने मी त्या वासावर काढले. कोणाला बोललो नाही. मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा, जेवलात का?" मी म्हणायचो, जेवलो. त्याला काय सांगायचं, की वास आला होता? पण मनात पक्कं होत गेलं. मी मनातल्या मनात तिला कामाचे प्रश्न विचारायचो. पेटीची किल्ली कुठं आहे. म्हैस कोणत्या महिन्यात गाभण राहिली. मग थोडा वेळ थांबायचो. एकदा किल्ली सापडली, आणि मी दिवसभर खूश होतो. संध्याकाळी आठवलं, ती मीच कोनाड्यात ठेवली होती. तरी मी हार मानली नाही. एकदा वास आला म्हणजे पुन्हा येईल. शिजवताना भांड्यावर वाकून उभा राहायचो. जाड्या तांदळाचा वास यायचा.

मिरग आठ दिवसांवर आला तेव्हा बियाण्याला ऊन दाखवायला मी ढोलीतलं धान काढलं. ताडपत्रीवर ओतलं. सुई नव्हती. एक मूठ उचलली, दुसरी उचलली, उन्हात डोळ्यांपाशी धरली. सारा जाडा दाणा, अर्धा पोचट. कोंबड्यांना टाकायला ठेवतात तसलं. तेही दीड-दोन पायली, आणि बुडाकडचं बुरशी लागून काळं पडलेलं.

मी घर पालथं घातलं. मडकी, डबे, माळा, पलंगाखाली, सगळं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, एवढं काय त्याच्यात? लाखांदूरच्या दुकानातून पाकिटाचं बियाणं आणून देतो, उतारा दुप्पट येईल." मी फोन ठेवला. त्याचं चुकलं नव्हतं. पण ते धान आता जगात दुसरीकडे कुठं मिळणार? ज्या जमिनीतलं होतं ती पाण्याखाली. चाळीसवर वर्षं तिनं एक साल न चुकवता राखलं आणि तिच्यामागे पहिल्याच सालात माझ्या हातून गेलं. कसं गेलं तेही समजत नव्हतं. पऱ्हे टाकायचे दिवस तोंडावर. मी त्या बांधीवर जाऊन आलो. ती रिकामी ठेवू की त्यात दुसरं काही पेरू, हेही सुचेना. तिला मनात विचारलं. मग घरी येऊन पुन्हा माळा उपसला.

चौथ्या दिवशी समोरची बाई शेळ्या घेऊन गोठ्यावरून चालली होती. फाटकापाशी थांबली. दोरीला हात लावला.

"भाऊजी, हे दोरी फाटकाले काहून बांधली?"

"सैल झालं होतं फाटक."

"दुसरी दोरी नव्हती का घरात? हे बियाण्याची दोरी आहे."

मी म्हटलं, बियाण्याची दोरी म्हणजे काय?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमाले नाही माहीत? खायच्या पोत्याले सुतळी, बियाण्याच्या पोत्याले पळसाची दोरी. रात्री-बेरात्री कोणी हात घातला तरी समजावं म्हणून. साऱ्या बाया तसंच बांधतात. तुमच्या मायनंही बांधलं असेल."

मी फाटकाला धरून उभा राहिलो. मग विचारलं, "तेरवीच्या दिवशी..."

"हो. तेच. भाताची परात उघडली अन् साऱ्याजणीले समजलं. पहिला घास घशात अटकला."

"अन् तुमी बोलल्या नाही?"

"शिजलेलं सांगून काय होते? त्या दिवशी तुमचं तोंड पाह्यलं होतं का तुमी?"

म्हणजे तो वास भाताचा होता. दुसरं काही नव्हतं. ती आली नव्हती. ढोली ओली म्हणून तिनं पोत्यात भरलेलं बियाणं मी मिलवर पाठवलं, ते शिजलं, आणि मी खांबाला टेकून त्याला तिची भेट समजलो. मी तोंडानं एक शिवी दिली, स्वतःला.  बाईच्या शेळ्यांनी तेवढ्यात माझी भेंडी खाल्ली.

मग मी तिला सगळं सांगितलं, महाराजांचं पाण्याचं बोलणंसुद्धा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी. ती शेळीला काठी मारत म्हणाली, "आमच्यात तं आत्माच नाही मानत, भाऊजी. तुमचं भांडणच मिटलं."

"मग ते गेली कुठं?"

"ते मले काय माहीत? मले एवढं माहीत आहे, तीन साल झाले, तिनं मले ओंजळभर धान दिलं होतं. माह्या बोडीकाठच्या तुकड्यात मी लावून राहिली आहे. खळ्यावर जाड्या धानात थोडं मिसळलं, शुद्ध नाही राह्यलं. पण आहे."

"तुमच्याकडे आहे? अन् इतके दिवस..."

"तुमी मागितलं का? मले वाटलं, ढोलीत वेगळं राखलं असेल तिनं. तुमचं तं म्हणे डोकं एकच होतं."

हे शेवटचं तिनं टोचून म्हटलं. टोचलं. संध्याकाळी ती टोपलीत तीन पायली धान घेऊन आली, अंगणात ठेवलं आणि भाकरी टाकायची आहे म्हणून लगेच गेली.

मी ताडपत्री अंथरली आणि एकटाच बसलो. उजेड होता अजून. सुई असलेला दाणा इकडे, नसलेला तिकडे. हातांना काम लागलं की डोकं चालतं, म्हणून तेव्हा जे वाटलं ते लिहून ठेवतो. महाराज म्हणाले ते साफ खोटं आहे, असं मला आता वाटत नाही. एका घासाला पंधरा बायांना एकच गोष्ट एका वेळी समजली, ती मी डोळ्यांनी पाहिली. कोणी कोणाला सांगितलं नाही. पळसाची दोरी कशाची, हे त्या साऱ्यांच्या डोक्यात होतं, माझ्या बायकोच्याही. पण ते असंच आभाळातून आलं नव्हतं. चिखलात वाकून, एकीच्या हाताला दुसरीचा हात लागून, बडबडून, हजारदा विचारून ते आलं होतं. एकच मन असेल तर ते त्या ओळीत होतं. मी धुऱ्यावर, काठाच्या बांधावर उभा होतो, पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकत. मला वाटायचं मी आत आहे. अंबाडी माझ्या मनातली तिला कळायची, कारण ती माझ्याकडे बघायची. तिच्या मनातलं मला किती कळलं? ढोलीचं बूड ओलं झालं, हे तिनं तोंडानं सांगितलं तेही नाही.

अंधार पडेपर्यंत बराच ढीग निवडून झाला. पण काही दाणे असे निघाले की सुई नव्हती आणि जाडेही नव्हते. सुई तुटलेली की जातच वेगळी, ते ठरेना. हात सवयीनं पुढे गेला, दाणा समोर धरला, तोंडातून "हा?" निघालंही. समोर ताडपत्रीचा कोपरा होता. मी ते दाणे फेकले नाहीत आणि ढिगातही टाकले नाहीत. एका वाटीत ठेवले. निवडलेलं धान पोत्यात भरलं. फाटकाची पळसाची दोरी सोडून आणली आणि पोत्याचं तोंड बांधलं. फाटकाला तार गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचं दूध काढलं, चहा केला, आणि वाटी घेऊन समोरच्या घरी गेलो. बाई अंगण झाडत होती. इतक्या वर्षांत त्या घरी मी काही विचारायला गेल्याचं मला आठवत नाही. तिनं झाडू भिंतीला लावला. मी वाटीतला एक दाणा उचलून तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "हा?"